जास्तीची रेघ

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे. पूर्वी तिथे सतरंज्या, मोठी पातेली, मंडपाचे बांबू असे सामान पडलेले असे. गेल्या जून महिन्यापासून दर रविवारी सकाळी नऊ ते बारा तिथे रंगीत काचेचा वर्ग चालतो. स्टेन्ड ग्लास म्हणतात, ती कला. शिकवतो मी. शिकणारे पाच जण आहेत. पाचही जणांच्या चौकटी आता त्या खोलीच्या पूर्वेकडच्या खिडकीत उभ्या आहेत. ऊन आले की फरशीवर लाल, निळे, हिरवे पट्टे पडतात. या पाचांपैकी एका चौकटीत एक रेघ जास्तीची आहे. कागदावर चित्र काढले तेव्हा ती रेघ त्यात नव्हती. तिची हकिकत सांगायची आहे, कारण तिच्यात माझीही चूक आहे.

आधी माझ्याविषयी थोडे. मी काच बसवणारा माणूस. १९८१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, एका कारखान्यात मदतनीस म्हणून लागलो. खिडक्यांच्या, दारांच्या, दुकानांच्या काचा बसवत मुंबईभर फिरलो. पुढे एका छोट्या कारखान्यात रंगीत काचेचे काम शिकलो. बंगल्यांची दारे, हॉटेलांचे पडदे, जुन्या खिडक्यांची दुरुस्ती असे काम असायचे. आता साठी ओलांडली. गुडघे शिडी चढू देत नाहीत. विहाराच्या समितीतली पोरे एक दिवस घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्हाला येतं ते कुणाला तरी शिकवून ठेवा." म्हणून हा वर्ग सुरू झाला. महिन्याला दीडशे रुपये घेतो, तेही काचेपुरते.

पहिल्याच दिवशी भिंतीवर तीन नियम लिहून लावले. एक, खोलीत चहा-बिस्किट काही खायचे-प्यायचे नाही, आणि जाताना कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे. या कामात शिसे वापरावे लागते. ते हाताला लागून पोटात जाते आणि शरीरात साठत राहते. म्हणून लहान मुले आणि पोटुशी बाई यांना या खोलीत प्रवेश नाही. दोन, डोळ्यांना चष्मा आणि पायात बंद चप्पल-बूट पाहिजेत. तीन, काचेवर रेघ एकदाच मारायची.

तिसरा नियम समजावून सांगतो. काच आपण खरे तर कापत नाही. काच कापायच्या हत्याराला आम्ही कारागीर हिरा म्हणतो, मग त्याचे चाक पोलादाचे का असेना. त्या चाकाला रॉकेल लावून काचेवर नुसता ओरखडा काढायचा. ओरखडा नीट पडला तर कापड फाडल्यासारखा बारीक आवाज येतो. मग दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून हलका दाब दिला की काच त्या रेघेवर मोकळी होते. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा चाक फिरवले तर चाक बोथट होते आणि काच तिच्या मर्जीने फुटते. हात कचरला, मन डळमळले, की माणूस दुसऱ्यांदा चाक फिरवतो. सगळी काच त्या एका कचरण्यात जाते.

पहिला महिनाभर मी कोणाला रंगीत काच दिलीच नाही. भंगारवाल्याकडून जुन्या खिडक्यांची साधी काच आणली आणि तिच्यावर सरळ रेघा, मग गोल रेघा मारायला लावल्या. सगळे कंटाळले. पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबा तेवढे कंटाळले नाहीत. त्यांनी एके दिवशी विचारले, "स्टेन म्हणजे डाग ना हो? मग ही डागाळलेली काच का?"

प्रश्न चांगला होता. मी सांगितले, काचेचा रंग बहुधा काच वितळवतानाच तिच्यात घालतात. कोबाल्टने निळा येतो, मँगनीजने जांभळा. पण चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या कारागिरांना असे आढळले की चांदीचा क्षार काचेवर लावून भट्टीत तापवला तर पिवळा रंग काचेच्या आतच मुरतो. पुसून जात नाही, खरवडून जात नाही. त्याला डाग म्हणा नाहीतर सोन्यासारखा रंग म्हणा, वस्तू एकच. आजोबा हसले आणि म्हणाले, "म्हणजे आतून आलेला डाग. मग तो रंगच की!"

दुसऱ्या महिन्यात प्रत्येकाने एक फूट लांब, एक फूट रुंद असे आपापले चित्र निवडले. कागदावर काढायचे, प्रत्येक तुकड्याला आकडा द्यायचा, तुकडे कातरायचे, त्या मापाने काच काढायची, कडा घासायच्या, कडेला तांब्याची पातळ चिकटपट्टी लावायची आणि शेवटी कथील-शिशाच्या तारेने सोल्डरिंग करून सगळे जोडायचे, असा क्रम. सांगायला सोपा. पण कोण कुठे अडकेल हे आधी सांगता येत नाही.

शिवणकाम करणाऱ्या ताईंचे मला वाटले होते की त्या सगळ्यांत पुढे जातील. कातरीचा हात सराईत, नजर बारीक. त्यांनी निळ्या पाखराचे चित्र घेतले. तुकडे सुरेख कापले. पण मांडून पाहिले तर पाखरू चौकटीत मावेना. एक फुटाची चौकट तेरा इंचांवर गेली. त्या अगदी रडवेल्या झाल्या. मग माझ्या लक्षात आले. वीस वर्षांच्या सवयीने त्यांनी प्रत्येक तुकड्याला शिलाईची जागा सोडली होती! कापडात दाब सोडावा लागतो, कारण शिवताना कापड आत जाते. काचेत उलटे आहे. दोन तुकड्यांमध्ये तांबे आणि कथील बसते, म्हणून काच केसभर कमीच ठेवायची. त्यांनी एकेक तुकडा पुन्हा घासून बारीक केला. तीन रविवार गेले. आता पाखरू चौकटीत बसले आहे आणि त्या म्हणतात, "ब्लाऊज शिवताना आता मला भीती वाटते, दाब सोडायला विसरेन की काय."

रिक्षा चालवणाऱ्या भाऊंचा हात जड. ते चाक इतके दाबत की काचेचा भुगा उडे. त्यांना मी सांगितले, "भाऊ, क्लच सोडता तसा दाब द्या." ते त्यांना लगेच कळले. पुढे सोल्डरिंग करताना त्यांनी तापलेली इस्त्री एकाच जागी ठेवली आणि काच तडकली. कथील-शिशाची तार दोनशे अंशांच्या आतच वितळते, पण इस्त्री तिच्याहून पुष्कळ तापलेली असते. रेंगाळलात की काचेला ती उष्णता सोसत नाही. भाऊंनी तो तुकडा मुकाट्याने काढून दुसरा बसवला. त्यांची चौकट म्हणजे पाऊस आणि त्यात पिवळे दोन दिवे. रिक्षाच्या समोरच्या काचेतून दिसते तसे.

कॉलेजात जाणाऱ्या मुलीने पिंपळाचे पान घेतले. पान सोपे वाटते ना? तिने चार वेळा फोडले. पिंपळपानाला देठाजवळ आत जाणारी खाच असते. काचेत आत वळणारा टोकदार कोपरा हाताने निघत नाही. तड तिथून सुटते आणि पानाच्या छातीतून आरपार जाते. पाचव्या खेपेला तिने मला विचारले नाही. स्वतःच पान मधल्या शिरेवर उभे दुभागले. दोन अर्धी पाने वेगळी कापली, टोकाची लांब शेपटी तिसऱ्या तुकड्याची केली आणि मधली शीर म्हणजे जोडाची रेघ. त्या दिवशी मी तिला म्हटले, "आता तुला काच समजली." जिथे जोड लागणारच आहे, तो चित्रातच धरून चालायचे, हे या कलेचे अर्धे शहाणपण आहे.

सप्टेंबरात एका रविवारी आम्ही सगळे लोकलने सीएसएमटीला गेलो. १८७८ साली काम सुरू होऊन दहा वर्षांत उभ्या राहिलेल्या या इमारतीच्या सजावटीत तेव्हाच्या मुंबई आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांचाही हात होता, हे मी मुद्दाम सांगितले. शिकाऊ पोरांचे काम २००४ पासून जगाच्या वारशाच्या यादीत आहे! तिथून बसने कुलाब्याच्या अफगाण चर्चला गेलो. ते १८५८ सालचे. तिथल्या मोठ्या काचा इंग्लंडचे काचकार विल्यम वेल्स यांच्या हातच्या. बाहेरून पाहिल्या तर सगळ्या काळ्या, मळक्या दिसतात. भाऊ म्हणाले, "यासाठी आलो एवढ्या लांब?" मग आत गेलो. आत गेल्यावर कोणीच काही बोलले नाही. रंगीत काच उजेडाकडे तोंड करून आतून पाहायची असते. रस्त्यावरून ती कळत नाही.

आता पाचव्याविषयी. हा आयटीआय करणारा सतरा वर्षांचा पोरगा. सोल्डरिंगमध्ये सगळ्यांत तरबेज. त्याची जोडाची रेघ एकसारखी, गुळगुळीत, शेवयासारखी. त्याने गुलमोहराचे फूल घेतले होते. चार पाकळ्या लाल आणि पाचवी पांढुरकी, लाल ठिपक्यांची. गुलमोहराची पाचवी पाकळी अशी वेगळी असते, हे मला साठ वर्षांत दिसले नव्हते. त्याला दिसले, कारण त्याची आई भाजी विकायला गुलमोहराखाली बसते.

लाल काच महाग असते. माणकासारख्या लाल रंगासाठी तर सोन्याचा अंश घालतात. आम्ही आणली ती तसली नव्हती, तरी बाकी रंगांच्या मानाने महागच. एक फुटाचा तुकडा मी पदरचे पैसे घालून आणला. त्यातून चार पाकळ्या नेमक्या निघणार होत्या. तीन निघाल्या. चौथ्या वेळी त्याची रेघ नीट उमटली नाही. त्याने माझ्याकडे पाहिले, घाबरला, आणि चाक दुसऱ्यांदा फिरवले. अंगठ्याचा दाब देताच काच मधोमध फुटली.

मी म्हणालो, "किती वेळा सांगितलं, रेघ एकदाच! काच काय तुझ्या बापाने आणून ठेवलीय इथे?"

त्याचे वडील तो तिसरीत असताना वारले. नाक्यावर उभे राहून काम शोधणारे मजूर होते. हे मला ठाऊक होते.

पोराने उत्तर दिले नाही. हिरा जागेवर ठेवला. नियमाप्रमाणे कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि गेला. पुढचा रविवार तो आला नाही. त्याच्या पुढचाही नाही.

तुम्ही म्हणाल, रागात माणूस बोलतो. पण मी ते शब्द रागात शोधून काढले नव्हते. १९८१ साली एका दुकानाची मोठी काच माझ्या हातून निसटली, तेव्हा उस्तादाने चारचौघांत मला हेच विचारले होते. माझे वडील तेव्हा गिरणीत कामाला होते. पुढच्याच वर्षी संप झाला आणि तेही बसले. माझी तीन दिवसांची मजुरी कापली गेली. पैसे भरून निघाले, पण ते वाक्य माझ्यात चांदीच्या डागासारखे मुरून बसले होते, आणि इतक्या वर्षांनी एका पोरावर जसेच्या तसे उतरले.

घरी बायकोला सांगितले. ती भाकरी थापत होती. मागे न वळताच म्हणाली, "उस्तादासारखंच शिकवायचं होतं, तर वर्ग कशाला काढलात?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाजीच्या गाड्यांकडे गेलो. त्याच्या आईने मला पाहिले आणि मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली, "काका, पोराला रागावू नका. महागाची काच फुटली म्हणून सांगितलं त्याने. मी आठवड्याला पन्नास-पन्नास करून देते. चालेल ना?"

मी काय बोललो होतो, ते त्याने आईला सांगितलेच नव्हते.

मग मी सांगितले. शब्दाला शब्द सांगितले. तिच्या हातात तराजू होता, तो तसाच राहिला. गिऱ्हाईक उभे होते. तिने त्याची वांगी मोजून दिली, पैसे घेतले आणि मला म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्याला सांगा."

तो गाड्यामागे मेथीच्या जुड्या बांधत होता. मी त्याच्याजवळ खाली बसलो. म्हणालो, "मी जे बोललो ते बोलायला नको होतं. चूक माझी. काच तर फुटायचीच. मी तुझ्या वयात याहून मोठी फोडलीय." तो बराच वेळ जुडी बांधत राहिला. मग विचारले, "ते दोन तुकडे फेकलेत का?"

"नाही. ठेवलेत."

"मग काय उपयोग? काच जोडली जात नाही."

मी त्याला जुन्या खिडक्यांच्या दुरुस्तीविषयी सांगितले. शंभर-दीडशे वर्षांच्या खिडकीतली काच तडकली तर कारागीर ती फेकून देत नाहीत. तसा रंग पुन्हा मिळत नाही. ते तडेवर शिशाची एक बारीक पट्टी घालतात आणि दोन्ही तुकडे तिच्यात धरतात. जुन्या खिडक्यांमध्ये अशा जास्तीच्या रेघा पुष्कळ सापडतात. जाणकाराला बघताक्षणी कळते की इथे काच फुटली होती आणि कोणीतरी ती राखली.

पुढच्या रविवारी नऊला पाच कमी असताना दारात आवाज आला, "जयभीम काका." मी काही बोललो नाही. तुकडे त्याच्या पुढ्यात ठेवले.

तड वाकडी होती. त्याने दोन्ही कडा हलक्या हाताने घासल्या, सगळ्यांत अरुंद चिकटपट्टी लावली. बाकीचे चौघे भोवती जमले. ताई म्हणाल्या, "रफू केल्यासारखं दिसेल." कॉलेजच्या मुलीने तोड काढली, "बाकीच्या तीन पाकळ्यांमध्येपण अशीच रेघ घाल ना. मग ती मुद्दाम काढलीय असं वाटेल." मला तिची कल्पना पटली होती. पण तो म्हणाला, "मग एका फुटलेल्या काचेपायी तीन चांगल्या काचा तोडायच्या?" यावर कोणाकडेच उत्तर नव्हते.

त्याने एका दमात डाख दिला. इस्त्री कुठेही रेंगाळली नाही. चार महिन्यांत त्या खोलीत पाहिलेला सगळ्यांत सुबक जोड तो तोच.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही घरच्या मंडळींना बोलावले. पाचही चौकटी पूर्ण झाल्या होत्या. आजोबांची सगळ्यांत शेवटी. त्यांनी लाल टपालपेटी केली आहे. त्यांच्या हातून सहा महिन्यांत एकही तुकडा हरवला नाही की अदलाबदल झाला नाही, कारण त्यांनी पत्रे लावतात तसे सगळे तुकडे रोज आकड्याप्रमाणे लावून ठेवले. ताईंचा नवरा पाखराकडे पाहून म्हणाला, "हे तू केलंस?" आणि उत्तराची वाट न पाहता फोटो काढायला लागला.

पोराची आई उशिरा आली. खाली रस्त्यावर उभी राहून वर खिडकीकडे पाहत होती. तिथून चौकटी काळ्याच दिसणार. मी जिन्यावरून हाक मारली, "ताई, वर या. ते आतून बघायचं असतं." ती म्हणाली, "पाय चिखलाचे आहेत." पोरगा खाली गेला आणि तिला घेऊन आला.

फुलाचा लाल रंग फरशीवरून तिच्या पदरावर चढला होता. तिचे तिकडे लक्ष नव्हते. तिने विचारले, "ती फुटलेली कुठली?" त्याने बोट ठेवून दाखवली. दीड इंचाची वाकडी रेघ. ती वाकून जवळून पाहत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "एवढंच होतं?"

मला मान वर करवली नाही. एवढेच होते. दीड इंच! तेवढ्यासाठी मी एका मेलेल्या माणसाला त्या खोलीत ओढून आणले होते.

तिला गाड्यावर परत जायचे होते. जाताना तिने पदराची गाठ सोडून पन्नासची नोट काढली. मी घेतली नाही. तिने ती आजोबांच्या हातात दिली आणि म्हणाली, "पुढच्या काचेला."

शिकवणारा शाळेतला असो, कारखान्यातला असो की घरातला बाप असो, त्याच्या हाताखाली काच फुटणारच. शिकणाऱ्याचा हात फुटलेल्या काचांमधूनच बसतो. पाकळीची तड तांबे-कथील घालून धरता आली. पण तोंडातून गेलेल्या शब्दाची तड कशाने धरायची, ते मला अजून कोणी शिकवलेले नाही. त्यापेक्षा शब्दच आवरावा.

जानेवारीपासून वर्गाची दुसरी तुकडी सुरू होते आहे. सात नावे आली आहेत. हिरा कसा धरायचा ते पहिले चार रविवार हाच पोरगा शिकवणार आहे. भिंतीवरच्या तीन नियमांखाली त्याच्याच अक्षरात चौथा नियम लिहून घेतला आहे. काच फुटली तर कोणी कोणाच्या आईबापाचे नाव काढायचे नाही. त्याने लिहिता लिहिता विचारले, "हा नियम कुणासाठी, काका?"

मी म्हटले, "माझ्यासाठी. मोठ्या अक्षरांत लिही."